पुतणीच्या लग्नासाठी काजूचं मार्झिपान

वसईत आमच्या ख्रिस्ती घरांत मार्झिपान (सुक्यामेव्याची पूड आणि साखरेची मऊ मिठाई) होतं ते नाताळात, आणि बरेचदा बदामाऐवजी काजूचं. पुतणीच्या लग्नात मी प्रत्येक पाहुण्याच्या हातात त्याचीच पुडी ठेवली.

५०० ग्रॅम काजूला ५०० ग्रॅम पिठीसाखर, २ अंड्यांचा पांढरा भाग आणि २ चमचे गुलाबपाणी. १० ग्रॅमचे साधारण ९० नग होतात.

काजू मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, सलग फिरवले की तेल सुटतं. पूड चाळून घ्या. सगळं जाड बुडाच्या कढईत घालून मंद आचेवर ढवळत राहा. हात थांबवू नका; खाली लागलं की तो करपट वास गुलाबपाण्यानेही जात नाही. मिश्रण आधी सैल पडतं, मग कडा सोडतं, मग एकच गोळा कढईत फिरू लागतो. तेव्हा चिमूटभर काढून गार करा आणि बोटांत वळा. न चिकटता गोळी झाली की लगेच उतरवा. पहिला घाणा मी जरा जास्त शिजवला, तर साच्यातून गुलाबाच्या पाकळ्या तुटून आल्या. चमचाभर दुधाचा हात लावून मळल्यावर सावरला.

कोमट असतानाच तुपाच्या हाताने मळा, हलका रंग घाला, रबरी साच्यात दाबा. साचे क्रॉफर्ड मार्केटात मिळतात. रात्रभर जाळीखाली सुकू द्या, मग बंद डब्यात फ्रिजमध्ये. लग्नाच्या २-३ दिवस आधीच करा.

पुडीवर ‘यात अंडं आणि काजू आहेत’ असं ठळक लिहा.