दोन डीव्हीडी रायटर असले की विंडोजमधली त्यांची ड्राइव्हची अक्षरं (डी, ई वगैरे) कायमची कशी ठरवायची

कुडाळला आमच्या घरी दशावताराच्या नाटकांच्या आणि लग्नांच्या खूप डीव्हीडी आहेत, पावसाळ्यातल्या दमटपणाने त्यांच्यावर डाग धरायला लागलेत म्हणून सगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करतोय. एक रायटर पीसीतला, एक यूएसबीचा. मध्ये काय झालं, यूएसबीवाला काढून ठेवला होता तेवढ्यात पेन ड्राइव्ह लावला, त्याने ई अक्षर घेतलं, रायटर गेला एफवर, आणि माझ्या बॅच फाइलने (आपोआप कॉपी करायला लिहून ठेवलेल्या कमांडची फाइल) पेन ड्राइव्हमधले गणपतीचे फोटो नाटकाच्या फोल्डरात नेऊन टाकले. अख्खी संध्याकाळ निस्तरण्यात गेली.

विंडोज नवीन ड्राइव्हला मोकळं असलेलं पहिलं अक्षर देतं, सी नंतर डी, ई, एफ असं. म्हणून रायटरला लांबची अक्षरं द्या, मी आर आणि एस दिलीत. अगदी शेवटचं झेड नको, ते नेटवर्क ड्राइव्हला लागतं.

आधी कुठला रायटर कुठला ते बघा. धिस पीसीमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून इजेक्ट दाबा, ज्याचा ट्रे बाहेर येईल तो तो. लगेच त्याच्यावर चिकटपट्टी लावून मार्करने त्याला द्यायचं नवं अक्षर लिहा, हे टाळू नका.

मग स्टार्ट बटणावर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. ॲडमिन अकाउंट लागतं. खाली सीडी-रॉम 0, सीडी-रॉम 1 अशा पट्ट्या दिसतील, त्यावर राइट क्लिक करून चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स, चेंज, यादीतून आर, ओके. काही प्रोग्रॅम चालणार नाहीत अशी सूचना येते, येस म्हणा, पण बॅच फाइलमधलं आणि रायटिंग सॉफ्टवेअरमधलं जुनं अक्षर आठवणीने बदला. यादीत फक्त मोकळी अक्षरं येतात, त्यामुळे दोघांची अदलाबदल करायची तर एकाला मध्ये तिसरंच अक्षर देऊन ठेवावं लागतं.

यूएसबी रायटर मात्र रोज त्याच पोर्टला लावा. काहींना स्वतःचा सिरीयल नंबर नसतो, पोर्ट बदलला की विंडोजला तो नवाच वाटतो आणि ठरवलेलं अक्षर जातं. त्या पोर्टलाही चिकटपट्टी लावलीय मी.

पीसी रीस्टार्ट करून आरवर इजेक्ट दाबा, आर लिहिलेलाच ट्रे उघडला की कॉपीला बसा.