सैल बसलेला वॉटर कूलर: वॉशर नेमका कुठे घालायचा

कॉम्प्युटरचा प्रोसेसर पाणी फिरवून थंड ठेवणाऱ्या कूलरचा, प्रोसेसरवर बसणारा पंप हाताने हलतो, चारही स्क्रू तर शेवटपर्यंत पिळलेले आहेत. इंटेलच्या एलजीए ११५१ आणि १२०० सॉकेटवर (सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा), प्लॅस्टिकची बॅकप्लेट, म्हणजे बोर्डाच्या मागून लागणारी आधाराची पट्टी, असलेल्या सीलबंद वॉटर कूलरमध्ये ही तक्रार नेहमीची. उपाय दहा-वीस रुपयांच्या वॉशरचा आहे. पण वॉशर चुकीच्या बाजूला घातला तर खडखड थांबते आणि तापमान तिथल्या तिथेच राहते.

आधी दोष खरंच पकडीचा आहे का ते बघा. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारं सिनेबेंच लावा. लोड पडताच एक-दोन सेकंदांत तापमान ४० वरून ९५-१०० अंशांवर उडी मारत असेल, तर पंपाचा तळ प्रोसेसरला नीट टेकलेला नाही किंवा पंप बंद आहे. एचडब्ल्यूइन्फोमध्ये पंपाचे आरपीएम (मिनिटाला फेरे) दिसतात ना, ते त्याच वेळी बघून घ्या. तापमान दहा-पंधरा मिनिटांत सावकाश चढत असेल तर रेडिएटर, पंखे किंवा आतलं पाणी तपासा, वॉशरचा इथे काही उपयोग नाही. घाबरण्याचं कारण नाही, १०० अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

आणखी एक गैरसमज. पंप बसवण्याआधी बॅकप्लेट थोडी सैल असणं हा बऱ्याच कूलरमध्ये दोष नसतोच, पंपाचे स्क्रू आवळले की ती मागून बोर्डाला चिकटते. पंप आवळल्यावरही पंप किंवा बॅकप्लेट हलत असेल तरच पुढचं वाचा.

ही ढिलाई येते कुठून? स्टँडऑफ, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा खांब, मदरबोर्डाच्या भोकातून बॅकप्लेटमध्ये पिळला जातो. त्याचे आटे बॅकप्लेटमध्ये तळाला लागले, पण त्याच्या मधल्या जाड भागाची, म्हणजे खांद्याची कड अजून बोर्डाला टेकलीच नाही, तर मधे फट उरते. पंप आवळताना बॅकप्लेट पुढे ओढली जाते आणि स्टँडऑफ त्या फटीएवढे बोर्डापासून वर उचलले जातात. मग वरचा स्क्रू स्टँडऑफवर अडतो आणि पंप खाली दाबला जायच्या आधीच प्रवास संपतो.

म्हणून वॉशर बोर्डाच्या मागे, बॅकप्लेट आणि बोर्ड यांच्यामध्ये हवा. तो बॅकप्लेटला मागे ढकलतो, तिच्याबरोबर स्टँडऑफ खाली ओढले जातात आणि दाब वाढतो. हाच वॉशर पुढून, स्टँडऑफच्या कडेखाली घातला तर फट फक्त भरली जाते. स्टँडऑफ जिथे उचलले गेले होते तिथेच राहतात. हाताला घट्ट लागतं, प्रोसेसर मात्र तापतच राहतो.

वॉशर किती जाड हवा ते मोजायला साधा ७५ जीएसएमचा कागद पुरे, तो साधारण ०.१ मिमी जाड असतो. पंप काढून, स्टँडऑफ पूर्ण पिळलेले असताना, बोर्ड आणि बॅकप्लेटमध्ये कागदाचे किती थर मावतात ते मोजा. पाच मावले तर ०.५ मिमी. एम३ मापाचा (३ मिमी स्क्रूसाठीचा) नायलॉन वॉशर बहुधा ०.५ मिमी जाड असतो आणि एम४ चा ०.८. दुकानात जाताना स्टँडऑफ बरोबर न्या आणि आटे भोकातून जातात का ते तिथेच बघा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोडला असला माल सुटा मिळतो. मागच्या बाजूला धातूचा वॉशर अजिबात नको, तिथे सोल्डरची टोकं असतात. फटीपेक्षा जाड वॉशर घालूनही फायदा नाही: कड बोर्डाला टेकली की स्टँडऑफ आणखी खाली जात नाही, उलट कमी आट्यांवर लटकतो.

रात्री अकराला वॉशर कुठून आणायचा? नव्या सिमबरोबर जे एटीएम कार्डाएवढं प्लॅस्टिक येतं ना, त्याची जाडी बहुधा ०.७६ मिमी असते. कागद पंच करायच्या यंत्राने त्याला भोकं पाडा, भोवती ९ मिमीचा गोल कापा, चार सारखे बनवा. जुनं बँकेचं कार्ड वापरू नका, त्यात चिप असते आणि वायफाय चिन्हाच्या कार्डात कडेने तांब्याची तारही फिरलेली असते. उन्हाळ्यात हे प्लॅस्टिक मऊ पडू शकतं, त्यामुळे खरे वॉशर मिळाले की बदला.

मदरबोर्ड बाहेर काढायचा नसेल तर दुसरी वाट आहे. पंपाच्या स्क्रूचं डोकं आणि ब्रॅकेट (पंपाला धरून ठेवणारी चौकट) यांच्यामध्ये प्रत्येकी एक ०.५ मिमीचा वॉशर घाला. स्प्रिंग असेल तर स्प्रिंगखाली. स्क्रू तिथेच अडतो, पण ब्रॅकेट वॉशरच्या जाडीएवढं आणखी खाली दाबलं जातं. इथे स्टीलचा वॉशर चालतो, फक्त तो बोर्डावर पडू देऊ नका. मागचा वॉशर घालूनही पकड कमी वाटली तर हाच जोडीला द्या. एकूण १ मिमीच्या पुढे जाऊ नका. दाब जास्त किंवा तिरका पडला तर बोर्ड वाकतो आणि रॅमची एक जोडी दिसेनाशी होते किंवा पीसी चालूच होत नाही. रॅम अचानक निम्मी दिसली, तर आधी स्क्रू अर्धा फेरा सोडून बघा.

आवळणं तिरप्या जोड्यांनी: एक स्क्रू दोन फेरे, मग समोरच्या कोपऱ्यातला, मग उरलेले दोन. दर वेळी प्रोसेसर आणि पंप यांच्यामधली जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर पंप काढण्याआधी दहा मिनिटं लोड चालवा आणि पंप डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ ओढलात तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

पकड नीट झाली का हे पेस्ट सांगते. एकदा आवळून परत उघडा. मध्यभागी पातळ, सगळीकडे पसरलेला ठसा हवा. एका कडेला जाड थर असेल तर त्या बाजूचा वॉशर वाकडा बसलाय.

इंटेलच्याच एलजीए १७०० सॉकेटवर मात्र ही युक्ती नको. तिथे भोकांचं अंतर ७५ ऐवजी ७८ मिमी आहे आणि प्रोसेसरही जुन्यापेक्षा पाऊण मिमीच्या आसपास खाली बसतो. कूलर कंपनीचं १७०० साठीचं किट घ्या. त्या सॉकेटच्या संदर्भात जो ‘वॉशर मॉड’ ऐकू येतो, तो प्रोसेसरला सॉकेटमध्ये दाबून धरणाऱ्या कुलपाखाली वॉशर घालून प्रोसेसर वाकू नये यासाठी असतो. नाव सारखं, काम वेगळं.

एएम४ चा पंप अडकवायचा प्लॅस्टिकचा हूक तुटला असेल तर २.५ मिमी रुंदीचे केबल टाय भोकांतून ओवून पंप बांधता येतो. नवं ब्रॅकेट येईपर्यंत दोन-चार दिवस निभतं, बायोसमध्ये प्रोसेसरची वीजमर्यादा ६५ वॅटवर आणून. एम-सील, फेविक्विक, हॉट ग्लू यांना हात लावू नका. पुढच्या वेळी पेस्ट बदलायची असेल तेव्हा कूलर आणि बोर्ड वेगळे करता आले पाहिजेत.