रोमन योसीचा खेळ नीट बघायचाय? मग आधी पकवरची नजर हटवा

आईस हॉकी नव्याने बघणारे बहुतेक जण पकच्या मागे डोळे पळवतात. तो काळा रबरी तुकडा जेमतेम साडेसात सेंटीमीटरचा, वेग असा की दिसेपर्यंत गेलेला, मग दहा मिनिटांत डोकं भणभणतं आणि टीव्ही बंद. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की एकच डिफेन्समन (बचाव करणारा खेळाडू) पकडा आणि फक्त त्याच्याकडे बघत बसा, आणि त्यासाठी एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या लीगमधल्या नॅशव्हिल प्रेडेटर्सचा स्विस कॅप्टन रोमन योसी याच्याइतका चांगला माणूस मला तरी माहीत नाही.

थोडी ओळख. जन्म 1990 चा, बर्नचा, तिथल्याच एससी बर्नमध्ये तयार झालेला. 2008 च्या ड्राफ्टमध्ये (एनएचएलच्या टीम्स त्यात नवे खेळाडू निवडतात) नॅशव्हिलने त्याला 38 व्या नंबरवर घेतलं, पण तो लगेच पळाला नाही, आणखी दोन सीझन बर्नला खेळला, 2010 ला स्विस टायटल जिंकलं आणि मगच अमेरिकेत गेला. तिथेही आधी एक सीझन मिलवॉकीला, एएचएल या एनएचएलच्या खालच्या लीगमध्ये. ही पायरी महत्त्वाची, कारण युरोपातली पारंपरिक रिंक 30 मीटरपर्यंत रुंद आणि एनएचएलची साधारण 26, म्हणजे विचार करायला वेळ कमी आणि समोरचा अंगावर लवकर.

आता बघायचं कसं. नॅशव्हिलच्या जर्सीत 59 नंबर शोधा (स्वित्झर्लंडकडून तो 90 घालतो). तो बर्फावर आला की पुढची पाऊण मिनिट, म्हणजे साधारण एक शिफ्ट, नजर त्याच्यावरच ठेवायची, पक कुठेही जाऊ दे. पहिली गोष्ट दिसेल ती अंतर. समोरून खेळाडू पक घेऊन येतोय आणि योसी उलटा स्केटिंग करत मागे सरकतोय, पण दोघांतलं अंतर जेमतेम एका स्टिकचं. कबड्डीत चांगला कव्हरवाला रेडरवर उगाच झेप घेत नाही, त्याची वाट बंद करत त्याला कडेला ढकलत नेतो, अगदी तेच इथे चाललेलं असतं. टक्कर होईलच असं नाही, बऱ्याचदा समोरचा वैतागून पक नुसताच पुढे मारून देतो, आणि ते डिफेन्समनचं यश, पण हायलाइट्समध्ये ते कधीच येत नाही.

दुसरी गोष्ट त्याचा पहिला पास. आपल्या गोलमागे पक मिळाला की तो तिकडे पोचायच्या आधी खांद्यावरून मागे बघतो, एकदा नाही, दोनदा बघतो. तेवढ्यात ठरलेलं असतं की पास द्यायचा की स्वतःच पळत सुटायचं, आणि योसीची खरी मजा या पळण्यात आहे, तीन जणांना मागे टाकत हा माणूस थेट समोरच्या गोलपर्यंत जातो. अशा वेळी लगेच त्याच्या जोडीदाराकडे बघा, तो मागे थांबलेला असतो आणि म्हणूनच हे धाडस परवडतं. सुरुवातीच्या वर्षांत ही जोडी नॅशव्हिलच्याच शे वेबर या डिफेन्समनबरोबर होती.

जुन्या मॅचेस बघायच्या असतील तर क्रम माझा घ्या. आधी 2013 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, स्वित्झर्लंडने सलग 9 मॅच जिंकल्या, फायनलला स्वीडनकडून हरले, पण 1953 नंतरचं पहिलं मेडल आणि योसी स्पर्धेचा एमव्हीपी. मग 2017 चे एनएचएल प्लेऑफ्स, म्हणजे सीझननंतरची बाद फेरी, सोळा टीममध्ये सगळ्यात खालून आलेली नॅशव्हिल स्टॅन्ली कप फायनलपर्यंत, म्हणजे एनएचएलच्या अंतिम लढतीपर्यंत गेली. त्यानंतर 2019-20, याच सीझनसाठी त्याला एनएचएलमधल्या सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी मिळाली, असा पहिलाच स्विस. आणि 2021-22 तर निवांत बघा, 80 मॅचमध्ये 96 पॉइंट्स (स्वतःचे गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून), डिफेन्समनने एवढे केले त्याला तोपर्यंत 29 वर्षं झाली होती!

आकडे वाचताना प्लस-मायनसवर (खेळाडू बर्फावर असताना टीमने केलेले आणि खाल्लेले गोल यांतला फरक) फार विसंबू नका, ते अख्ख्या टीमवर आणि गोलीवर अवलंबून असतं. आइस टाइम बघा, 60 मिनिटांच्या मॅचमध्ये कोच एखाद्याला 25 मिनिटं उतरवतो याचा अर्थ सरळ आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये डोक्याला लागल्यावर त्याचा सीझन तिथेच संपला, पुढे पॉट्सचं निदान झालं, म्हणजे उभं राहिलं की हृदयाचे ठोके भलतेच वाढतात, आणि तरी पुढच्या सीझनला तो परत उतरला. मला याचं फार कौतुक वाटतं.

भारतातून लाइव्ह बघणाऱ्यांसाठी, नॅशव्हिलची संध्याकाळी 7 ची मॅच हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, तिकडचं घड्याळ पुढे गेलं की साडेपाचला. स्वित्झर्लंडमध्येच राहत असाल तर बर्नला जाऊन एक मॅच बघाच, तिथली उभ्याने बघायची भलीमोठी स्टँड बघण्यासारखी आहे.

योसी डोळ्यात बसला की योनास सीगेन्थालरकडे वळा. तो झुरिचचा, खेळतो न्यू जर्सी डेव्हिल्सकडून, गोल क्वचितच करतो, सगळं काम अडवण्याचं. त्याची एक अख्खी मॅच कंटाळा न येता बघता आली की समजा डिफेन्स कळायला लागलाय.