पाणी लहान होत नाही: वावरात धरण फोडायची रीत

सिनेमातल्या पुरासाठी मॉडेलचं गाव बांधताना घर लहान करता येतं, बैलबंडी लहान करता येते, पाणी मात्र करता येत नाही. मॉडेलच्या पुरातला थेंब खऱ्या थेंबाएवढाच राहतो आणि बघणाऱ्याचा डोळा तिथेच चोरी पकडतो. संगणक येण्याआधी आपत्तीपट करणाऱ्यांकडे यावर दोनच उपाय होते. मॉडेल झेपेल तेवढं मोठं बांधायचं आणि कॅमेरा जोरात पळवायचा, म्हणजे सेकंदाला जास्त फ्रेम टिपायच्या, की पडद्यावर पाणी संथ दिसतं. १९७२ च्या ‘द पोसायडन ॲडव्हेंचर’मधलं उलटणारं जहाज मॉडेलच होतं, पण साडेएकवीस फुटांचं.

कॅमेरा किती जोरात, याचा हिशेब वर्गमुळाचा आहे. १० मीटर उंच भिंतीवरून पाणी खाली पडायला साधारण १.४३ सेकंद लागतात. १/२५ मापात तीच भिंत ४० सेंटिमीटरची होते आणि पाणी ०.२९ सेकंदात खाली. फरक पाचपट, कारण २५ चं वर्गमूळ ५. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनं चालतो, म्हणजे त्याच्या पाचपट, १२० फ्रेम. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये हा आकडा आयताच मिळतो, म्हणून १/२५ धरा. १९५४ च्या ‘गोजिरा’ (गॉडझिला) या जपानी राक्षसपटासाठी, त्यातली ट्रिक-दृश्यं करणारे एइजी त्सुबुराया यांच्या लोकांनी राक्षसाला तुडवायला बांधलेलं टोकियोही बहुतांशी याच मापाचं होतं.

२४० फ्रेमचा मोह टाळा. तिथे माप १/१०० होतं आणि ५ मिलिमीटरचा थेंब पडद्यावर अर्ध्या मीटरचा गोळा दिसतो. आणखी एक फसगत: बरेच मोबाईल १२० ची फीत ३० फ्रेमनं चालवून देतात, म्हणजे चारच पट संथ. एडिटिंगमध्ये प्रोजेक्ट २४ फ्रेमचा ठेवा आणि त्या फितीचा वेग ८० टक्के करा.

जागा धुऱ्यालगतची निवडा, म्हणजे पाण्याला उंची आयती मिळते. काळ्या मातीवर थेट मांडू नका. पहिल्याच पाण्यात तिचा चिखल होतो आणि वाळताना पडलेल्या भेगा १/२५ मापात दरीएवढ्या दिसतात. खाली ताडपत्री, तिच्यावर दोन इंच चाळलेला मुरूम. दहा फुटांत सहा-आठ इंच उतार हवाच, नाहीतर पूर येतो आणि डबकं होऊन बसतो.

पाण्यासाठी ड्रम उलटा करणं हे सगळ्यांना सुचतं आणि सगळ्यांचं फसतं. तोंड लहान असल्यानं पाणी गटांगळ्या खात येतं. प्लायची पेटी करा: ४ फूट रुंद, २ फूट खोल, २ फूट उंच. आत ताडपत्री लावली की साडेचारशे लिटर मावतं. प्लाय पाऊण इंची घ्या आणि बाहेरून पट्ट्या मारा. पुढची बाजू खालून बिजागरीवर ठेवा, वरून अटकाव. भरलेल्या पेटीत त्या दारावर सव्वादोनशे किलोच्या आसपास जोर येतो, त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे पाऊणशे किलो, वरच्या अटकावावर. साधी कडी इथे वाकते आणि ऐनवेळी सरकत नाही. दोन कड्यांतून आडवा घातलेला गुळगुळीत दांडका आणि त्याला बाजूनं ओढायचा दोर, हे बरं. दारासमोर कोणी उभं राहायचं नाही, पोरं तर नाहीच. पेटीखाली मुरमानं भरलेली पोती रचा, विटांची चळत नको. साडेचारशे किलो पाणी वर बसणार आहे.

पेटीपासून खाली चार फुटी टिनाचा उतार, आणि त्याच्या शेवटी धरणाची भिंत. ही भिंत फक्त दिसायची. पाणी अडवायचं काम मागच्या दाराचं. पीओपीची लादी ओता आणि मागून करवतीनं वेडेवाकडे चर पाडा. सरळ रेषेत पाडले तर ती फरशीसारखी फुटते.

घरं मोडतच नाहीत, ही नेहमीची तक्रार. लांबी-रुंदी-उंची पंचविसाव्या हिश्श्यावर आली की वजन साडेपंधरा हजार पटींनी घटतं, ताकद तेवढी घटत नाही. पीओपी, चाळलेला लाकडाचा भुसा आणि बारीक वाळू समभाग घेऊन एक तुकडा वाळवून बघा. दोन बोटांनी मोडला पाहिजे, नाही मोडला तर भुसा वाढवा. दार ७ सेंटिमीटर, विजेचा ८ मीटरचा खांब ३२ सेंटिमीटर. टिनाच्या छपराला स्वयंपाकघरातला फॉईल चालतो, पण त्याच्या नाळ्या (पन्हळी) ३ मिलिमीटरच्या हव्यात. किराण्याच्या खोक्याच्या नाळ्या बऱ्याच मोठ्या असतात आणि लगेच ओळखू येतात. कवेलू एकेक करत बसू नका, समोरच्या दोन घरांचेच करा. झाडांना पैसा घालायचं कारण नाही. वाळलेल्या पऱ्हाटीचा शेंडा ४० सेंटिमीटरवर तोडला की थेट बाभूळ.

घर कोणत्या क्षणी पडावं हे हातावर सोपवू नका. दोरा ओढायला ०.२ सेकंद उशीर झाला, तर पडद्यावर तो पूर्ण सेकंदाचा असतो. घराच्या थोडा वर, पाण्याच्या वाटेत लाकडी ठोकळा ठेवा, त्याला तंगूस (नायलॉनचा दोरा) बांधा, दुसरं टोक घरातल्या टेकूला. पाणी ठोकळा वाहून नेईल आणि टेकू आपोआप निघेल.

१९९१ मध्ये वर्धा नदीनं नागपूर जिल्ह्यातलं मोवाड बुडवलं. पूर कसा असतो हे इकडच्या माणसाला दाखवावं लागत नाही. निळंशार पाणी तो मानणार नाही. पिवळी माती कालवून पाणी गढूळ करा, वर मूठभर कुटार आणि काड्या सोडा. थेंब बारीक फुटावेत म्हणून भांडी घासायचं लिक्विड दोन-तीन चमचे, पण ढवळून फेस आणू नका.

मोबाईल उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीलगत येते. १/२५ च्या माणसाचा डोळा ६ सेंटिमीटरवर असतो. धरणाच्या बाजूनं काचेआड ठेवा, फोकस आणि उजेड लॉक करा. जुन्या लोकांना जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट मिळवायला प्रचंड दिवे लागायचे. मोबाईलच्या बारक्या सेन्सरला ते फुकटात जमतं. दिव्यांवर शूट केलं तर १२० फ्रेमला लुकलुक येते, आणि पाण्याजवळ वायर नकोच. हिवाळ्यात सकाळी आठ ते साडेनऊ, ऊन पाण्याच्या मागून, वारा पडलेला. मेमध्ये मोबाईलच तापून बंद पडतो. पंपाची लाईट कधी येईल त्यावर भरवसा नको, पाणी आदल्या रात्रीच साठवा.

पहिली चाचणी एक घर आणि शंभर लिटरवर घ्या, पूर्ण पेटी त्यानंतर. झालं की ताडपत्रीची चारही टोकं उचलून पीओपीचे तुकडे आणि तंगूस गोळा करा. नांगरताना वर आलेला तंगूस बैलाच्या खुरात गुंततो.