अमृतानुभव वाचायला बसताना

गावच्या सप्ताहात मी एकदा प्रवचनकारांना प्रश्न विचारला होता. ‘संतांच्या ओवीवर शंका घ्यायची नसते’ असं भर मंडपात ऐकून घ्यावं लागलं आणि पुढची दोन वर्षं मी पोथीला हात लावला नाही. आमच्या सासूबाई वारकरी, शाळा चौथीपर्यंत. एकदा मेथी निवडता निवडता म्हणाल्या, “अगं, अर्जुनाने विचारलंच नसतं तर माउली काय सांगणार होती?” दुसऱ्या दिवशी मी वही आणली. ज्यांना तत्त्वज्ञानाची ओढ आहे आणि देवापुढचा दिवाही सोडवत नाही, त्यांच्यासाठी त्या वहीची रीत सांगते.

ग्रंथ अमृतानुभवच घ्या. शके 1212 मधली, म्हणजे 1290 सालची ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे. अमृतानुभवात ज्ञानदेव दुसऱ्या ग्रंथाचं बोट न धरता स्वतःचं म्हणणं मांडतात. दहा प्रकरणं, आठशेच्या आसपास ओव्या. पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करू नका. शिव-शक्तीचं ते वर्णन सुंदर आहे, पण नवख्याला दमवतं. सहावं, शब्दखंडन, काढा. आधी ते शब्दाची भरभरून स्तुती करतात: शब्द आठवण करून देतो, अमूर्ताला दाखवणारा आरसा होतो. मग विचारतात, जो स्वतःला कधी विसरलेलाच नाही, त्याला आठवण कसली करून देणार? पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

रोज दोनच ओव्या. सार्थ प्रत जवळ असू द्या, पण अर्थ लगेच बघू नका. ओवी आधी मोठ्याने म्हणा, मग हाताने उतरवा, मग अर्थ पाहा. जुन्या मराठीचे चकवे ओळखून ठेवा. ‘आघवें’ म्हणजे सगळं, ‘म्हणौनि’ म्हणजे म्हणून, हे लवकर सरावतं. फसवतो तो ‘कां’: पुष्कळदा त्याचा अर्थ ‘किंवा’ असतो, कधी आजच्यासारखाच ‘का’. संदर्भ पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता वही. आपल्या मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्यांनी, आणि वेदान्त्यांनी चर्चेचे पाच भाग पाडून ठेवलेत: विषय, संशय, पूर्वपक्ष (समोरच्याची बाजू), सिद्धांत (शेवटचा निर्णय), संगती. तेच पाच मथळे वापरा. सगळ्यांत जास्त मेहनत पूर्वपक्षावर घ्या. समोरच्याचं म्हणणं असं लिहा की त्याने वाचलं तर म्हणावं, हो, हेच माझं म्हणणं. लुळा पूर्वपक्ष लिहून सिद्धांताला जिंकवलंत, तर हाती काही लागत नाही.

सातव्या, म्हणजे सगळ्यांत मोठ्या प्रकरणातलं माझं एक पान सांगते. विषय: आत्म्याच्या ठिकाणी अज्ञान आहे का? पूर्वपक्ष: आहे, त्यानेच तर आत्मा झाकला जातो. ज्ञानदेवांचं उत्तर: अज्ञान जिथे राहील त्याला ते अजाण करणारच. मग ज्ञानरूप आत्माच अजाण झाला तर ‘इथे अज्ञान आहे’ हे सांगायला उरलं कोण? आणि ते त्याला अजाण करत नसेल, तर त्याला अज्ञान म्हणायचं कशाला? दोन्ही वाटा बंद! त्याखाली मी माझी शंका लिहिली: मग मला रोज जे कळत नाही, ते काय आहे? पुढची जागा कोरी सोडली, ती अजून कोरीच आहे. तुम्हीही अशा जागा सोडा. घाईने ‘देवाची लीला’ लिहून त्या भरू नका.

संगती म्हणजे खरं तर मागच्या-पुढच्या विषयाशी सांधा. मी तिथे आणखी एक ओळ लिहिते: आज संध्याकाळी हरिपाठ म्हणताना या विचाराचं काय झालं? वाचन पहाटे, हरिपाठ दिवेलागणीला, आणि हरिपाठाला वही उघडायची नाही. टाळ हातात असताना मी वाद घालत नाही. वही समोर असताना मात्र डोळे मिटून मान डोलावत नाही. दोन्ही वेळा मी पुरती तिथे असते.

देव-भक्त एकच असतील तर नमस्कार कुणी कुणाला करायचा, ही शंका तुम्हाला येईलच. तेव्हा नववं प्रकरण उघडा. एकाच डोंगरातून देव, देऊळ आणि परिवार कोरतात, तसा भक्तीचा व्यवहार ‘कां न व्हावा’, असं ते विचारतात. इथला ‘कां’ आजचाच.

ती ओवी झाली त्या हिवाळ्यात आम्ही वेरूळला गेलो. आठव्या शतकातलं कैलास लेणं, वरून खाली एकाच कातळात कोरत आणलेलं. सासूबाईंनी तळातल्या हत्तीच्या पाठीवर हात ठेवला, मग वर शिखराकडे बघितलं. “हा आणि तो एकाच दगडाचा?” मी हो म्हटलं. त्यांनी चप्पल काढून बाजूला ठेवली आणि पिंडीच्या दर्शनाला पायऱ्या चढू लागल्या.