पी०४२० आला म्हणून लगेच कन्व्हर्टर बदलू नका: जुन्या पिकअपवर हमखास होणाऱ्या चुका

चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०४२० हा दोषाचा कोड दिसतो आणि गाडी लिफ्टवर चढायच्या आधीच निकाल लागतो: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू निवळणारा एक्झॉस्टमधला डबा) गेला, बदलून टाका. जुन्या पेट्रोल पिकअपच्या बाबतीत हे मी अनेकदा ऐकलंय आणि एकदा त्यावर विश्वास ठेवून पैसेही मोजलेत. नवा कन्व्हर्टर बसला, दिवा विझला आणि तीन आठवड्यांत तोच कोड परत आला. खरा दोष होता एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून निघणारा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) तुटलेल्या एका स्टडचा, म्हणजे तो इंजिनला घट्ट धरणाऱ्या बोल्टचा. तो आधी कुणी पाहिलाच नव्हता, आणि मीही पाहायला सांगितलं नव्हतं.

आधी कोड नेमकं काय सांगतो ते समजून घ्या, कारण बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर असतो, आणि सोबत सेरियम ऑक्साइड. हे सेरियम धुरातला जास्तीचा ऑक्सिजन साठवून ठेवतं आणि गरज पडली की सोडतं. त्यामुळे कन्व्हर्टरच्या पुढच्या (इंजिनकडच्या) ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होत असलं, तरी मागच्या सेन्सरची रेषा ०.६-०.७ च्या आसपास बरीचशी शांत राहते. मागची रेषाही पुढच्यासारखी नाचू लागली की गाडीचा कॉम्प्युटर समजतो की ऑक्सिजन साठवायची ताकद घटली. पी०४२० म्हणजे एवढंच. कन्व्हर्टरच्या आत काय झालंय, का झालंय, हे त्या कोडमध्ये नसतं.

हा कोड ओबीडी-२ पद्धतीतला आहे, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोडने सांगायची पद्धत. अमेरिकेत ही पद्धत १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली. व्ही-६ आणि व्ही-८ इंजिनांत सिलिंडरच्या दोन रांगा म्हणजे बँका असतात; पी०४२० बँक १ साठी आणि पी०४३० बँक २ साठी येतो. बँक १ म्हणजे ज्या बाजूला एक नंबरचा सिलिंडर आहे ती बाजू. ती ड्रायव्हरच्या बाजूला असेलच असं नाही, कंपनीगणिक बदलते. चुकीच्या बाजूचं काम होऊन जाणं ही ऐकीव गोष्ट नाही, म्हणून मॅन्युअलमध्ये आधी खात्री करा.

कोड आधी पुसून टाकणे

"पुसून बघू, परत येतो का" हा मोह प्रत्येकाला होतो. पण कोड पुसला की त्यासोबत फ्रीज फ्रेमही जाते. कोड नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम किती, इंजिन किती गरम, किती लोडवर, फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटरने पेट्रोलमध्ये केलेली टक्केवारीतली वाढ-घट) किती, ही सगळी नोंद त्यात असते. शिवाय मॉनिटर्स, म्हणजे गाडी स्वतःच करत असलेल्या चाचण्या, शून्यावर येतात. साधारणपणे हा दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्यावरच दिवा लागतो, म्हणजे पुसल्यावर आठवडाभर काहीच कळत नाही. स्क्रीनचा फोटो काढा, मग पुढचं.

सोबतचे कोडही वाचा. पी०३०० च्या मालिकेतले मिसफायरचे (सिलिंडरात पेट्रोल नीट न पेटण्याचे), पी०१७१ किंवा पी०१७४ हे लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) मिश्रणाचे, सेन्सरच्या हीटरचे. यातला एक जरी असेल तर आधी तो सोडवा. त्यानंतर पी०४२० आपोआप येईनासा झाल्याचंही पुष्कळदा दिसतं.

मागचा सेन्सर सरळ बदलून टाकणे

कन्व्हर्टर महाग, सेन्सर स्वस्त, म्हणून आधी सेन्सर बदलायचा असा हिशेब असतो. पण थोडा विचार करा: म्हातारा सेन्सर सुस्त होतो. सुस्त सेन्सरची रेषा अधिक शांत दिसते, म्हणजे तो कन्व्हर्टरचा दोष झाकतो. नवा चपळ सेन्सर लावल्यावर कोड आणखी लवकर येऊ शकतो.

सेन्सर तपासायला दहा मिनिटं पुरतात. इंजिन पूर्ण गरम करा, दोन-तीन मिनिटं २५०० आरपीएमवर धरा आणि स्कॅनरवर मागच्या सेन्सरचा ग्राफ लावा. एकदम रेस द्या: व्होल्टेज क्षणभर उशिराने ०.८ च्या वर जायला हवं. मग चालत्या गाडीत वेग असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा, इंधन तुटतं आणि व्होल्टेज ०.१ च्या आसपास उतरायला हवं. दोन्ही झालं तर सेन्सर चांगला आहे. दोन बँकांचं इंजिन असेल आणि मागचे दोन्ही सेन्सर एकच पार्ट नंबरचे असतील, तर त्यांची अदलाबदल करा. कोड दुसऱ्या बाजूला सरकला तरच सेन्सर दोषी. वायर गरम पाइपला टेकून वितळली आहे का, तेही खाली वाकून बघा.

एक सावधानता: बऱ्याच गाड्यांत पुढे साधा ऑक्सिजन सेन्सर नसून एअर-फ्युएल रेशो सेन्सर असतो. त्याचा ग्राफ ०.१ ते ०.९ मध्ये नाचत नाही. तो सपाट दिसला म्हणून खराब ठरवू नका.

गळती न शोधणे

जुन्या पिकअपवर मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो. ओझं वाहून, चढ चढून बिडाचा मॅनिफोल्ड हजारो वेळा तापतो आणि निवतो. स्टड गंजतात, आणि बहुधा टोकाच्या सिलिंडरचा स्टड आधी तुटतो. सकाळी गाडी सुरू केली की टिक-टिक आवाज येतो. चार-पाच मिनिटांत धातू तापून फुगतो, फट बुजते, आवाज थांबतो. मालक म्हणतो, "टॅपेटचा आवाज आहे, गरम झाली की जातो." गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेली की तिथे पोहोचेपर्यंत आवाज गेलेला असतो. म्हणून गाडी रात्रभर तिथेच ठेवायला द्या आणि सकाळी पहिलं स्टार्टिंग मेकॅनिकसमोर करा.

दाब बाहेरच्या दिशेने असताना फटीतून हवा आत कशी जाईल, असं वाटतं. पण एक्झॉस्टमधला दाब सलग नसतो, तो ठोक्या-ठोक्याने येतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर वातावरणापेक्षा खाली जातो. तेवढ्यात बाहेरची हवा आत ओढली जाते. ही गळती पुढच्या सेन्सरच्या अलीकडे असेल, तर सेन्सरला मिश्रण लीन वाटतं, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो आणि ते जास्तीचं पेट्रोल कन्व्हर्टरवर जाऊन पडतं. मागच्या सेन्सरजवळ असेल, तर नसलेला ऑक्सिजन असल्यासारखा दिसतो आणि चांगल्या कन्व्हर्टरवर आळ येतो.

शोधायची पद्धत सोपी आहे. इंजिन पूर्ण थंड असताना व्हॅक्युम क्लीनरचं हवा फेकणारं तोंड सायलेन्सरच्या शेपटाला लावा, भोवती फडकं गुंडाळा आणि मॅनिफोल्डपासून मागच्या सेन्सरपर्यंत प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारा. जिथे बुडबुडे, तिथे गळती. फ्लँजचं गॅस्केट, वेल्डिंगची रेघ, सेन्सरचं बूड, काहीही सोडू नका. जोडावर काजळीचा काळा ओघळ दिसला तर फवारायचीही गरज नाही.

कन्व्हर्टर कशाने मेला, हे न विचारणे

समजा कन्व्हर्टर खरंच गेलाय. तो सहसा आपणहून मरत नाही. इंजिन मिसिंग करत असेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि सिरॅमिक वितळतं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर कॉम्प्युटर नेमकं हेच ओरडून सांगत असतो. पाय हलका करा आणि सुरक्षित जागा मिळताच थांबा.

इंजिन ऑइल खात असेल, तर ऑइलमधला फॉस्फरस आणि जस्त त्या मौल्यवान थरावर पुटं चढवतात. सकाळी स्टार्ट केल्यावर निळसर धुराचा भपका आला तर व्हॉल्व्ह स्टेम सील (व्हॉल्व्हजवळून ऑइल सिलिंडरात गळू न देणारे) बघा. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातली वाफ पुन्हा जाळायला पाठवणारी झडप) तर आधीच बघा, तो साधा भाग आहे. हेड गॅस्केटमधून कूलंट जळत असेल तर त्यातली सिलिकेट्स सेन्सर आणि कन्व्हर्टर दोघांनाही मारतात. फ्युएल ट्रिम दहा टक्क्यांच्या वर किंवा उणे दहाच्या खाली राहत असेल, तरी थांबा. हे सगळं तसंच ठेवून लावलेला नवा कन्व्हर्टर म्हणजे फुटक्या घागरीत पाणी.

चोंदलेला आणि थकलेला यांत गल्लत

गाडी ओढत नाही, चढावर दम तोडते, हे चोंदल्याचं लक्षण आहे. नुसत्या पी०४२० ने गाडीची ओढ कमी होत नाही. शंका असेल तर पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावा. आयडलवर साधारण दीड आणि २५०० आरपीएमवर तीन पीएसआयच्या आत असेल तर मार्ग मोकळा आहे. रबरी हातोडीने ठोकल्यावर आत खुळखुळलं तर जाळी फुटली आहे, मग मोजमापाची गरज उरत नाही. लेझर थर्मामीटरने पुढचं-मागचं तापमान मोजायची चाचणी फार सांगितली जाते. माझा तिच्यावर भरवसा नाही. चांगल्या इंजिनातून जाळण्याजोगं फारसं काही येतच नाही, त्यामुळे चांगल्या कन्व्हर्टरमध्येही फरक कमी दिसतो.

स्वस्त उपाय

टाकीत ओतायच्या बाटल्यांनी वितळलेली जाळी जुळत नाही की फॉस्फरसची पुटंही निघत नाहीत. मागच्या सेन्सरखाली स्पेसर (त्याला धुराच्या प्रवाहापासून दूर ठेवणारा तुकडा) लावला की कॉम्प्युटर गप्प होतो, धूर तसाच विषारी राहतो, आणि अनेक देशांत हे बेकायदा आहे. मी ते कुणालाच करू देत नाही, मागून येणाऱ्यालाही श्वास घ्यायचा असतो.

बदलायचाच झाला तर सगळ्यात स्वस्त घेऊ नका. त्यात मौल्यवान धातू कमी असतात आणि काही महिन्यांत तोच कोड परत येतो. बॉनेटखालच्या उत्सर्जनाच्या लेबलवरची माहिती नव्या भागाशी जुळवून घ्या, आणि त्याआधी कंपनीने या कोडसाठी सॉफ्टवेअरची सुधारणा दिली आहे का, ते विचारा. काही मॉडेलांना दिली गेली आहे. काढलेला मूळ कन्व्हर्टर गॅरेजमध्ये फुकट सोडू नका, भंगारात त्याला चांगला भाव असतो.

बसवल्यावर कोड पुसा, गाडी रात्रभर थंड होऊ द्या, मग मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं चालवा. कॅटॅलिस्ट मॉनिटर पूर्ण झाला की स्कॅनरच्या मोड ६ मध्ये (चाचण्यांचे आकडे दाखवणाऱ्या भागात) त्याचा आकडा आणि मर्यादा लिहून ठेवा. महिन्याने तोच आकडा पुन्हा बघा. तो मर्यादेकडे सरकत असेल, तर दिवा लागायची वाट न बघता डिपस्टिक काढून ऑइल बघा आणि थंड इंजिनची टिक-टिक ऐका.