हृदयाच्या झडपेचा संसर्ग आणि पॅरालिसिस: ऑपरेशनच्या वेळेबाबत या चुका टाळा

"आधी डोकं सावरू दे, हृदयाचं ऑपरेशन महिन्याभराने बघू." झडपेला जंतुसंसर्ग (एंडोकार्डायटिस) होऊन पॅरालिसिस झालेल्या पेशंटच्या घरचे हे हमखास म्हणतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) पडद्यावर बघा. झडपेच्या पाकळीला जंतू आणि गोठलेल्या रक्ताचा गोळा चिकटलेला असतो, प्रत्येक ठोक्याला तो चिंधीसारखा फडफडतो. त्याचा एक तुकडा मेंदूत जाऊन अडकला म्हणून हात-पाय गेले; बाकीचा अजून तिथेच लोंबतोय. गोळा 10 मिमी किंवा त्याहून मोठा असेल तर धोका वाढतो. पुन्हा तुकडा सुटण्याची भीती अँटिबायोटिक सुरू केल्यावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक, आणि नेमके तेच दिवस आपण वाट बघण्यात घालवतो.

म्हणून 'किती दिवस थांबायचं?' याआधी विचारा, सीटी किंवा एमआरआयमध्ये रक्तस्राव आहे का? नसेल, पेशंट कोमात नसेल आणि हार्ट फेल्युअर, न आवरणारा संसर्ग, झडपेजवळ गळू किंवा पुन्हा तुकडा सुटण्याचा मोठा धोका असेल, तर ऑपरेशन लांबवू नये, असं 2023 च्या युरोपियन मार्गदर्शक सूचना सांगतात.

रक्तस्राव असेल तर गणित बदलतं. ऑपरेशनात हार्ट-लंग मशीनवर (हृदय-फुफ्फुसाचं काम तात्पुरतं करणाऱ्या यंत्रावर) घेताना हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध भरपूर द्यावं लागतं, त्याने मेंदूतला स्राव वाढू शकतो. त्यामुळे जमल्यास महिन्याहून अधिक थांबतात. पण 'महिना' ही दगडावरची रेघ समजू नका. दम वाढत चालला, बीपी टिकेना, तर हृदयाचे सर्जन आणि न्यूरोवाले यांनी एकत्र बसून आधीही निर्णय घ्यावा लागतो. थांबण्याच्या काळात डोकं अचानक दुखू लागलं किंवा फिट आली, तर जुन्या सीटीवर विसंबू नका. नवा काढायला सांगा.

आणखी एक चूक कॅज्युअल्टीतच होते. कृत्रिम झडप किंवा लहानपणीच्या संधिवाती तापाने खराब झालेली झडप, कित्येक दिवसांचा ताप, हे घरचे सांगतच नाहीत. मग नेहमीचा पॅरालिसिस समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं जाऊ शकतं, आणि या आजारात त्याने मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती फार. तापाची गोष्ट पहिल्या मिनिटाला सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचं पाकीटच डॉक्टरांच्या हातात द्या.